कल्याणकारी राज्याचा ऋणको कोण? : साकीनाक्याच्या संदर्भात एक परामर्श

१

कल्याणकारी राज्याच्या भवितव्याची चर्चा अलीकडे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते : हा खर्च राज्याला झेपेल काय? पश्चिम युरोपात या प्रश्नास लोकसंख्येच्या वार्धक्याची पार्श्वभूमी आहे. आपल्याकडे ती अर्थसंकल्पीय तुटीची व कर्जभाराची आहे. विवेचनाचे गृहीतकृत्य मात्र दोन्हीकडे सारखेच असते. कल्याण ही एक राशी आहे, ती वाढविता अथवा घटविता येते, आणि ती किती असावी एवढेच काय ते ठरवावयाचे आहे, असे हे गृहीतकृत्य होय. ज्यांना ही राशी वाढवावीशी वाटते आणि ज्यांना ती आवरावीशी वाटते, ते दोन्ही पक्ष याच भूमीवर उभे राहून वाद घालतात.

हे गृहीतकृत्य तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. राशीचा प्रश्न खोटा नाही. पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याच्या आधी येणारा प्रश्न असा की, नागरिकास जे देय आहे त्याचा ऋणको कोण? ज्या देण्याचा ऋणको निश्चित आहे, ते अल्प असले तरी हक्क ठरते; ज्याचा ऋणको निश्चित नाही, ते विपुल असले तरी अनुग्रह ठरते. कल्याणकारी राज्याचे पुढे काय होणार, हे या भेदावर अधिक अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

असे विवेचन केवळ तात्त्विक पातळीवर राहिले तर त्यास फारसे वजन येत नाही. यास्तव येथे एक स्थळ समोर ठेवले आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी–कुर्ला रस्त्यावर साकीनाका वसलेला आहे. २०१४ पासून मेट्रो रेल्वेचे एक स्थानक तेथे आहे आणि विमानतळही जवळच आहे. हमरस्ता सोडून खैरानी मार्गाकडे अथवा काजूपाड्याकडे वळले की छोट्या गाळ्यांची दाट वस्ती लागते. शिवणकाम, कातडी वस्तू, धातूची घडाई व पॉलिश, प्लॅस्टिकचे साचेकाम, भंगाराची वर्गवारी, फरसाण असे नाना उद्योग तेथे चालतात. खाली काम, वर पोटमाळ्यावर निवास, ही येथील सर्वसाधारण रचना. कामगार बहुतांशी परप्रांतीय. त्यांची नेमणूक मुकादमाच्या अथवा गाववाल्याच्या शब्दावर होते आणि मजुरी पुष्कळदा नगावर ठरते. आधुनिक अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने हा प्रदेश मागासलेला मुळीच नाही. शहरातील मोठ्या दुकानांत व परदेशी बाजारांत जाणाऱ्या मालाच्या साखळीतील तो एक दुवा आहे. म्हणूनच आधुनिक अर्थव्यवस्थेत कल्याणकारी राज्याचे काय होते, हे पाहण्यास तो योग्य आहे.

२

प्रथम दोन घटनांची नोंद घेऊ. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे खैरानी मार्गावर फरसाण तयार होत असलेल्या एका गाळ्यास आग लागून १२ कामगार मृत्युमुखी पडले. जेथे ते काम करीत, तेथेच ते झोपलेले होते. त्यानंतर वर्ष पुरे होण्यास एक दिवस उरला असताना, १७ डिसेंबर २०१८ रोजी, तेथून थोड्या अंतरावर मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार रुग्णालयास आग लागली आणि अनेकजण प्राणास मुकले. हे रुग्णालय राज्य कामगार विमा योजनेचे. म्हणजे कामगार व मालक यांच्या अंशदानातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचे.

या दोन घटना एकत्र ठेवण्यात योगायोगाचे कुतूहल नाही. कल्याणकारी राज्य दोन भिन्न रीतींनी कसे अपुरे पडते, हे त्यांवरून दिसते. पहिल्या प्रकारच्या जागी ऋणच नोंदलेले नसते. अशा गाळ्यांतील कामगाराचे नाव बहुधा कोणत्याही हजेरीपटावर नसते. मालक कोण, हे विचारले तर गाळ्याचा धनी, भाडेकरू, ठेकेदार आणि माल घेणारा व्यापारी यांपैकी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. दुर्घटनेनंतर शासन मदत देते. तिला आपल्या प्रशासकीय मराठीत ‘सानुग्रह अनुदान’ अशी संज्ञा आहे. ही संज्ञा फार बोलकी आहे. देणारा आपण देणे लागत नाही असे त्याच शब्दात नमूद करून ठेवतो.

दुसऱ्या प्रकारच्या जागी ऋण नोंदलेले असते, ऋणको ज्ञात असतो, दरमहा वेतनातून अंशदानही कापलेले असते. तरीही धनकोस आपले देणे कशा स्वरूपात मिळते यावर त्याचे काहीच नियंत्रण नसते. विमा महामंडळाकडे मोठा राखीव निधी साठलेला असताना विमेदाराला मिळणाऱ्या सेवेचा दर्जा हा सतत तक्रारीचा विषय राहावा, ही विसंगती केवळ पैशाच्या तुटवड्याने स्पष्ट होत नाही. तात्पर्य, ऋणको निश्चित होणे ही हक्काची पहिली अट आहे, एकमेव अट नव्हे. धनकोस हिशेब मागता येणे ही दुसरी अट होय.

३

ऋणकोचा हा प्रश्न आपल्याकडे आला कोठून? आधुनिक सामाजिक विम्याचा आरंभ जर्मनीत बिस्मार्कच्या काळात झाला : आजारपणाचा विमा १८८३ मध्ये, अपघाताचा १८८४ मध्ये, वार्धक्य व अपंगत्वाचा १८८९ मध्ये. त्यात ऋणको म्हणून मालक व कामगार यांना एकत्र बांधले होते. इंग्लंडमध्ये १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने ही बांधणी सर्व नागरिकांपर्यंत नेली. पण ती नेताना संपूर्ण रोजगारी, सार्वत्रिक आरोग्यसेवा व बालकभत्ते या तीन गोष्टी अहवालाने गृहीत धरल्या होत्या. हे भान आपल्याकडील अनुकरणात नेहमीच राहिले असे नाही.

मुंबईत मात्र हा प्रश्न त्याआधीच उपस्थित झाला होता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिकालीन लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला, आणि तो देताना हा भार वस्तुतः कोणी वाहावा याचाही विचार केला. लोककल्याण ही प्रामुख्याने शासनाची जबाबदारी असल्याने हा भार मुख्यतः शासनाने उचलणे योग्य, हे त्यांनी मान्य केले; परंतु स्त्रीच्या श्रमापासून मालकास लाभ होतो, तेव्हा त्यालाही यातून मोकळे राहता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ च्या अधिनियमाने हा भार मालकावर टाकला. म्हणजे ऋणको कोण, हा प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात बेव्हरिज अहवालापूर्वी चौदा वर्षे मांडला गेला होता. त्याचे उत्तर व्यवहारापुरते ‘कारखानदार’ असे दिले गेले, एवढेच.

पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. भा. पु. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपविली गेली आणि त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा अधिनियम निघाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. आडारकरांच्या योजनेचे मोठेपण असे की, दानधर्माच्या परिघातील आजारपण त्यांनी हिशेबाच्या वहीत आणले. तिची मर्यादाही तेथेच होती. वही ठेवावयाची तर ती कोणाकडे तरी असली पाहिजे; ती कारखान्याच्या फाटकाशी ठेवली गेली. मूळ अधिनियम विजेवर चालणाऱ्या व वीस अथवा अधिक कामगार असलेल्या बारमाही कारखान्यांस लागू होता. त्या काळात हे वास्तवास धरून होते. गिरणगावाचा भोंगा वाजत होता, आणि आज ना उद्या सर्व श्रमिक अशाच एखाद्या फाटकातून आत जातील, अशी अपेक्षा बाळगणे अप्रस्तुत नव्हते.

ती अपेक्षा फलद्रूप झाली नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कारखानदारीची जी फाटाफूट झाली, तिच्यात फाटकच नाहीसे झाले. काम उरले, कामगार उरले. पण एका छताखालचे काम अनेक गाळ्यांत वाटले गेले. कायद्याने मर्यादा वीसवरून दहावर आणली, तरी आठ-नऊ माणसांचा गाळा तिच्या खालीच राहिला. किंबहुना, तो त्या मर्यादेच्या खाली राहावा असाच हिशेब अनेक ठिकाणी केला गेला असल्यास नवल नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने जोखमीच्या व्यवसायात एक कामगार असला तरी विमा लागू करण्याची तरतूद केली आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु त्याच दिवशी अंमलात आलेल्या सुरक्षाविषयक संहितेने ‘कारखाना’ या संज्ञेची मर्यादा, वीज वापरणाऱ्या जागेपुरती, दहा कामगारांवरून वीसवर नेली. एका हाताने वही उघडली आणि दुसऱ्या हाताने ती तपासणाऱ्याचा प्रवेश आकुंचित केला, असे या दोन तरतुदी शेजारी ठेवल्या असता म्हणावे लागते.

४

फाटकाविना ऋणको निश्चित करता येतो काय? या प्रश्नाची दोन स्वतंत्र उत्तरे महाराष्ट्राने दिली आहेत, आणि त्यांची पुरेशी तात्त्विक दखल घेतली गेलेली नाही.

पहिले उत्तर १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीच्या अधिनियमाचे. माथाडी कामगार दिवसात चार व्यापाऱ्यांची पोती उचलतो. त्याचा मालक कोणता? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून निघालेल्या या कायद्याने तो प्रश्न सोडविण्याऐवजी ओलांडला. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची. मंडळाने त्यातून कामगारास वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा व वैद्यकीय साहाय्य द्यावयाचे. मालक, कामगार व शासन या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी मंडळावर असावयाचे. येथे ऋणको एकटा व्यापारी नाही, संपूर्ण बाजार आहे. आणि वही फाटकाशी नसून कामगाराच्या नोंदणीशी बांधलेली आहे.

दुसरे उत्तर रोजगार हमी योजनेचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली, १९७७ मध्ये तिचा अधिनियम संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत व आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. महाराष्ट्राने ते तत्त्व प्रत्यक्ष कायद्यात उतरविले. ऋणको येथे स्वतः राज्य आहे. आणि हे ऋण फेडण्यासाठी राज्याने वेगळे कर बसविले, ही या योजनेतील सर्वांत विचारार्ह गोष्ट होय. १९७५ चा व्यवसायकर त्यांपैकीच. आजही अंधेरीतील एखाद्या कचेरीत काम करणाऱ्या पगारदाराच्या वेतनपत्रकात व्यवसायकराची कपात दिसते. तिची वार्षिक मर्यादा २,५०० रुपये आहे. ती कपात मुळात दुष्काळी तालुक्यातील मजुरासाठी सुरू झाली होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. शहराने खेड्याचे देणे मान्य केल्याचा हा कायदेशीर पुरावा आहे.

या दोन उत्तरांचे दोष झाकण्याचे कारण नाही. माथाडी मंडळांच्या नावाखाली खंडणी वसूल झाल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत, आणि लेव्ही चुकविणारेही आहेत. रोजगार हमीसाठी जमलेला कर काही वर्षांत पूर्णपणे त्या कामी खर्च झाला नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही कल्पना देशभर नेली, पण हमी कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांपुरती ठेवली. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले, परंतु अकुशल मजुरीचा जो खर्च आधीच्या कायद्यात केंद्राने उचलावयाचा होता, त्याचा मोठा वाटा राज्यांवर आला. राशीच्या दृष्टीने पाहणारा म्हणेल, हमी वाढली. ऋणकोच्या दृष्टीने पाहणारा विचारील, हमी देणारा तोच राहिला काय? दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. म्हणूनच दुसरा प्रश्न विचारल्याविना पहिल्याचे मोल कळत नाही.

साकीनाक्याच्या कामगारास या दोन्ही उत्तरांचा लाभ झाला नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. रोजगार हमी मुख्यतः ग्रामीण भागासाठी. माथाडी कायदा विवक्षित कामांपुरता. खेड्यातून तो आला तेव्हा एक हमी मागे राहिली, आणि शहरात दुसरी त्याच्या वाट्याला आली नाही. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाल्यावर मुंबईतून हजारो श्रमिक पायी गावाकडे निघाले. ज्या नगराच्या कोणत्याही वहीत आपले नाव नाही, तेथे थांबून मागावयाचे कोणाकडे, हा त्यांचा हिशेब अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक होता.

५

आता तिसरे उत्तर पुढे आले आहे : थेट रोख साहाय्य. २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ या योजनेखाली, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत आहे अशा २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्यास प्रारंभ झाला. अशा योजनांचा उपहास करण्याची एक पद्धत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात, मध्यस्थाविना, नियमित रक्कम जमा होणे हे घरातील सत्तेचा तोल किंचित् तरी बदलणारे आहे. ज्या घरात आजारपणासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते, तेथे दीड हजार रुपयांची किंमत काय, हे त्या घरानेच सांगावे.

आक्षेप वेगळा आहे. रोजगार हमीमागे अधिनियम होता व विवक्षित कर होते. या योजनेमागे शासननिर्णय आहे. २०२५ मध्ये पात्रतेची फेरतपासणी होऊन अनेक नावे वगळण्यात आली. त्यांतील काही खरोखर अपात्रही असतील. परंतु वगळलेल्या स्त्रीने कोणत्या कलमाखाली, कोणापुढे दाद मागावी? हक्क आणि अनुग्रह यांतील अंतर रकमेत नसते, ते या प्रश्नाच्या उत्तरात असते. अर्थात् एक गोष्ट विसरून चालणार नाही : रोजगार हमी योजनाही प्रारंभीची काही वर्षे कायद्याविनाच चालत होती. ठरावापासून अधिनियमापर्यंतचा मार्ग महाराष्ट्रास अपरिचित नाही. प्रश्न एवढाच की, तो मार्ग पुन्हा चालण्याची इच्छा आहे काय.

शिवाय रोख साहाय्य मालकास ऋणातून मुक्त करते, हा दुसरा व अधिक खोल आक्षेप. गाळ्यातील कामगाराच्या घरी शासनाने काही रक्कम पाठविली की त्याच्या जळक्या वायरी, बंद जिना आणि पोटमाळ्यावरची झोप यांविषयी कोणीच देणे लागत नाही, असा समज बळावतो. रोख रकमेने भाकरी विकत घेता येते. आपत्काली बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा ती विकत घेऊ शकत नाही.

६

येथे दोन प्रत्याक्षेप संभवतात. पहिला असा की, लहान गाळ्यावर लेव्हीचा भार पडला तर काम साकीनाक्याहून वसईला, वसईहून भिवंडीला आणि तेथून परराज्यात जाईल. यात तथ्य आहे. परंतु हा युक्तिवाद लेव्ही गाळेवाल्यावर बसते असे धरून चालतो. माथाडी कायद्याचे तत्त्व नेमके उलट आहे : काम करवून घेणाऱ्याने देणे लागावे. ज्या घाऊक व्यापाऱ्याच्या अथवा कंपनीच्या मागणीवरून गाळा चालतो, तिच्या खरेदीच्या बिलावर अंशदान आकारले तर गाळा कोठेही गेला तरी ऋण त्याच्यामागे जाते. हे अगदीच अननुभूत नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर घेऊन बांधकाम मजुरांसाठी निधी उभा केला; सामाजिक सुरक्षा संहितेने फिरत्या व मंचाधारित कामगारांसाठी कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद केली. बांधकाम मजुरांच्या निधीचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. नोंदणीसाठी वर्षातील नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि तो देणारा पुष्कळदा पुन्हा ठेकेदारच! दारावरचा पहारेकरी काढला, पण किल्ली त्याच्याकडेच ठेवली, असा हा प्रकार.

दुसरा प्रत्याक्षेप अधिक मूलगामी आहे. नोंदीच नसतील तर धनको ओळखावयाचा कसा? यास ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीने अंशतः उत्तर दिले आहे; तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे तेथे आली आहेत. पण नावाची यादी म्हणजे ऋणाची वही नव्हे. धनकोंची नावे लिहिली गेली, समोरचा स्तंभ बहुतांशी कोरा आहे. हा कोरा स्तंभ भरणे हेच पुढील काळातील कल्याणकारी राज्याचे मुख्य कार्य ठरावे.

७

सारांश, कल्याणकारी राज्य संपुष्टात येत आहे, हे भाकीत आणि ते रोख साहाय्याच्या रूपाने विस्तारत आहे, हे समाधान, ही दोन्ही एकाच दृष्टिदोषातून निघाली आहेत. खर्चाचा आकडा वाढत असतानाही हक्क आकुंचित होऊ शकतो. महाराष्ट्राची वार्धक्याकडे वाटचालही सुरू झाली आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण जननदर १.७ आढळला. आज साकीनाक्याच्या पोटमाळ्यावर झोपणारा पंचविशीतील तरुण आणखी पस्तीस वर्षांनी वृद्ध होईल. त्याच्या श्रमाची नोंद आज कोठे झाली नाही, तर त्या वेळी त्याला जे काही मिळेल ते सानुग्रहच असेल.

आडारकरांनी १९४४ मध्ये फाटकाशी वही ठेवली, कारण त्यांच्या काळी फाटक होते. माथाडींच्या कायद्याने ती बाजारात आणली. रोजगार हमीने ती राज्याच्या तिजोरीसमोर उघडली. गाळ्यांच्या या अर्थव्यवस्थेसाठी ती आता मालाच्या बिलाशी बांधावी लागेल, आणि धनकोस ती उघडून पाहण्याचा अधिकार द्यावा लागेल; नाहीतर खैरानी मार्गावरील उणीव भरून काढताना आपण मरोळची उणीव पुन्हा निर्माण करू. विद्यापीठीय अभ्यासकांनी राशीचे हिशेब अवश्य करावेत. परंतु त्या हिशेबाच्या प्रत्येक ओळीसमोर ‘देणे कोणाचे’ हा स्तंभ आखून घेतल्यावाचून तो पुरा झाला असे समजू नये.